दुसऱ्याचं पीठ

शिंदखेडा,
११ फेब्रुवारी १९९२

प्रिय सुकदेव,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. जळगावात नोकरी लागली, मेहरूणला खोली मिळाली, वाचून बरं वाटलं. आई तर पोराचं कौतुक गल्लीभर सांगत सुटली, "मना आंडोर म्यानेजर व्हयना." प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे काय ते मला कळेना, म्हणून गिरधर मास्तरांना विचारलं. म्हणाले, माल कसा असावा, कोणासाठी असावा आणि काय सांगून खपवावा, हे ठरवणारा माणूस. म्हटलं, वा! कंपनी नवी, माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि ठरवणार आमचा सुकदेव. माल कोणता ते तू लिहिलं नव्हतंस. घाईत राहिलं असेल, असं मी धरलं.

इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीचा खोकला थांबला.

काल बाजाराच्या दिवशी तुमचा टेम्पो आला आणि नेमका आपल्या गिरणीसमोर लागला. तेव्हा कळलं की माल म्हणजे घरघंटी. बटण दाबा आणि घरातल्या घरात दळण करा.

मशीन छान आहे, खोटं कशाला बोलू? आपली गिरणी तिच्यापुढे किती टिकेल कोण जाणे. पण त्याचा मला राग नाही. आबांनी गिरणी टाकली तेव्हा घरोघरची जाती अडगळीत गेलीच की. ज्या गिरणीने शिकवलं तीच मोडायला निघाला, असं लोक तुला म्हणतात. म्हणू देत. पोट कोणाला चुकलंय?

पण तुमचा तो भाईदास नावाचा माणूस कर्ण्यावरून दिवसभर एकच ओळ ओरडत होता. पत्रकावरही तीच, मोठ्या अक्षरांत. 'दुसऱ्याचं पीठ आपल्या पिठात का मिसळू द्यायचं?' दुपारी तो चहाला आपल्याकडेच टेकला. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. मी सहज विचारलं, ओळ कोणाची?

"आमचे नवे साहेब आहेत ना, त्यांची. लोकांच्या मनातलं बरोबर हेरलं सायबांनी. तुमच्या वरच्या गल्लीत तर फार चालली."

चालणारच. ओळ तिकडचीच आहे. आबांनी गिरणी टाकली तेव्हा त्याच गल्लीतली माणसं डोक्यावर दळण घेऊन आपल्या दारावरून लांबच्या गिरणीवर जायची. का, तर म्हणे पीठ मिसळतं. दगडात अडकलेलं आधीचं पीठ निघून जावं म्हणून आबा प्रत्येकाची पहिली मूठ दळून बाजूला काढायचे. तरी तिकडून कोणी आलं नाही. आणि त्याच गल्लीतल्या प्रमिलाबाईंच्या सालदाराने लांब जायचा कंटाळा करून आपल्याकडे दळण टाकलं होतं, तेव्हा डबा पोचवायला तूच गेला होतास. पीठ कोणाच्या गिरणीतलं ते कळल्यावर बाईने तुझ्यादेखत ते गुरांच्या गव्हाणीत ओतलं. त्या रात्री तू भाकरीला हात लावला नाहीस.

हे तू विसरला असतास तर मी इतका चिडलो नसतो. तुला ते चांगलं आठवतं, म्हणूनच तुला ही ओळ सुचली. ज्यांनी आबांच्या तोंडावर हे म्हटलं, त्यांनाच तू ते विकलंस. मालकाने पाठ थोपटली असेल. इथे मला दिवसभर दारात उभं राहून ते ऐकावं लागलं.

कर्णा आईनेही ऐकला. संध्याकाळी तिने विचारलं, ओळ कोणाची? मी म्हटलं, मालकाची. ती भाकरी थापत होती.

"पीठ मिसळस हाई मालकले काय माहीत? हाई गिरणीवालानंच काम शे," ती म्हणाली. मग भाकरी तव्यावर टाकून, "त्याले ईचार, दुसरानं म्हंजे कोनं पीठ? पत्रकमा नाव बी लिख म्हनावं."

तिला वाचता येत नाही, म्हणून तुझी पत्रं मीच वाचून दाखवतो. तू तिची चौकशी करायला विसरलास तर पदरचे दोन शब्दही घालतो. आता या प्रश्नाचं उत्तर तिच्याच नावाने पाठव. लिहिशील तेवढंच वाचीन.

अजून तरी तुझा भाऊ,
लोटन