दहा पंचेचाळीसची बस

भाईंदर (पश्चिम)
गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

चि. दिव्या,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, सियाला गोड पापा.

आज साडेसहाला उठलो. दूध आणलं. अकराला समुपदेशन केंद्रात गेलो, दीडला परत आलो. दुपारी वरणभात खाल्ला. माझी तब्येत बरी आहे. बीपीची गोळी चालू आहे.

आजचं दहावं सत्र होतं, म्हणजे शेवटचं. पण ते पूर्ण धरलेलं नाही. कारण तुला माहीत आहे. परवा तू मेसेज केलास, "बाबा, ते पत्र लिहून द्या आणि संपवा." मी "हो" असं उत्तर दिलं. नोव्हेंबरपासून आपलं बोलणं मेसेजवरच चाललंय, हल्ली तर एवढंच. तू विचारतेस, सत्राला गेलात का. मी म्हणतो, हो. नऊ महिन्यांत तुझा आवाज ऐकलेला नाही. सियाचा ऐकला, तोही मिनलच्या फोनवर, जिन्यात उभं राहून. शेजारणीच्या फोनवर माझी नात माझ्याशी बोलते आणि मुलगी मागे उभी असते. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. नाही, तक्रारच आहे.

केंद्र कसं आहे ते तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगतो. स्टेशनकडे जाताना पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. गोल मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर उगवत्या सूर्याचं चित्र. पहिल्याच दिवशी हातात एक कागद दिला. राग आला की दहापासून एकपर्यंत उलटे मोजा. थंड पाणी प्या. आवडती जागा आठवा. मी चौसष्ट वर्षांचा आहे. सत्तावीस वर्षं एसटीत नोकरी केली, त्यातली एकोणीस वाहतूक नियंत्रक म्हणून खिडकीत बसलो. रोज हजार माणसं तोंडावर येऊन ओरडायची. मी कोणाला उलट शब्द बोललो नाही. आणि हे मला मोजायला शिकवणार.

त्या साईराजला सहा सत्रं आणि मला दहा. तुझी आई मेली त्याची सहा, त्याचा ओठ फुटला त्याची दहा. वकील म्हणाले, तशी तुलना करायची नसते, त्याची जामिनाची अट आहे, तुमचा वर्षभराचा चांगल्या वर्तणुकीचा बाँड आहे. असेल. मी हिशेब केला तो केला.

त्याची सहा झालीसुद्धा. तो सोमवारी यायचा, आम्ही गुरुवारी. हजेरीच्या वहीत मागचं पान उलटलं की त्याची सही दिसायची. मोठी, वळणदार, खाली दोन रेघा मारलेली. शेवटच्या दिवशी त्यानेही पत्र लिहिलं आणि ते मला देण्यात आलं. टाइप केलेलं आहे. "आपल्या पत्नी कै. शालिनी यांच्या दुःखद निधनाबद्दल मी दिलगीर आहे. सदर दुर्दैवी घटना घडली, याचे मला वाईट वाटते." तुझ्या आईचं नाव शालू. शाळेच्या दाखल्यावर शालू, आधार कार्डावर शालू, मृत्यूच्या दाखल्यावर शालू. कोणाला तरी ते कमी वाटलं म्हणून शालिनी केलं. आणि घटना घडली. कोणी घडवली ते कुठेच नाही. उलट्या बाजूने गाडी कोण आणत होतं, काशीमीऱ्याच्या गॅरेजमधून गिऱ्हाइकाची गाडी पोचवायची एवढी कसली घाई होती, काही नाही. ती जशी काही आपोआप मेली.

आता त्याच्यासाठी मी पत्र लिहायचं. पुढच्या गुरुवारपर्यंत दिलं नाही तर अहवालात "अपूर्ण" लागेल, तो कोर्टात जाईल आणि बाँड रद्द होऊ शकतो. म्हणजे आत जावं लागू शकतं. तुला भीती आहे ती हीच, आणि लोक काय म्हणतील ही. दुसरी जास्त असावी, असं मला रागात वाटतं.

कोर्टात त्या दिवशी काय झालं ते तू वकिलांकडून ऐकलंस, माझ्याकडून नाही. त्या दिवशी आईच्या वस्तू परत मिळाल्या होत्या. चष्मा, पर्स आणि तो स्टीलचा डबा. कापडात बांधलेला, लाखेचं सील, वर मुद्देमालाची चिठ्ठी. पंचनाम्यात लिहिलंय, "एक स्टीलचा डबा, झाकणासह, आत खाद्यपदार्थ." त्या नारळाच्या वड्या होत्या. मी डबा हातात घेऊन बाहेर आलो. साईराज खिडकीशी मित्राबरोबर उभा राहून मोबाइलमध्ये बघून हसत होता. त्याचा बाप माझ्याकडे आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अंकल, जो हुआ सो हुआ. आप तो शांत आदमी हो."

मी त्याचा हात खाली केला. पुढे गेलो आणि त्याच्या पोराच्या तोंडावर डबा मारला. एकदाच मारला. मग तोच डबा पोलिसांनी पुन्हा जमा केला आणि त्यावर दुसरी चिठ्ठी लागली.

शांत आदमी. हा शब्द मी जन्मभर ऐकला. तुझ्या आत्याही म्हणायच्या, शालू नशीबवान, नवरा किती शांत.

केंद्रातली बाई, क्षितिजा मॅडम, तुझ्याहूनही लहान असेल. पहिले तीन आठवडे मला तिचा फार राग आला. तिने एक फॉर्म दिला होता. राग आल्यावर आपण काय करता, त्यापुढे चौकोन. ओरडणे, शिवीगाळ, वस्तू फेकणे, मारहाण, स्वतःला इजा. मी मारहाणीपुढे "एकदा" लिहिलं आणि बाकी कोरे ठेवले. चौथ्या सत्रात तिने तो फॉर्म पुढे ठेवून सगळ्यांसमोर विचारलं, "मांडवकर काका, मग एरवी राग आला की काय करता?"

"काही नाही. बोलत नाही."

"किती वेळ?"

तिला मिनिटं अपेक्षित होती. मी खरं ते सांगितलं. सगळ्यात जास्त एकोणीस दिवस.

तिने पेन खाली ठेवलं. आमच्या गटात लवू म्हणून एक टेम्पोवाला आहे, दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेला. तो हसायला लागला. म्हणाला, "काका, तुम्ही तर आमच्यात सगळ्यात डेंजर. आम्ही निदान ओरडून सांगतो तरी, कुठे दुखलं ते." उत्तनचा फ्रेडी आहे, शेजाऱ्याचं गेट तोडलं म्हणून आलेला. तो म्हणाला, "माझी बायको ओरडते तवर मी बिनधास हाय. गप झाली का मंग डर लागते."

सगळे हसले. मी उठून जाणार होतो. क्षितिजा मॅडमने फॉर्मच्या कडेला पेनने एक नवा चौकोन काढला आणि त्यापुढे लिहिलं, अबोला. मग कागद माझ्यापुढे सरकवला. मी त्यात खूण केली नाही. त्या दिवशी घरी येऊन तिच्याविरुद्ध तक्रार करायची म्हणून अर्जही लिहिला. तो कपाटात आहे.

आता पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले. रविवारी बसलो होतो, उठलो. काल बसलो होतो, उठलो.

तेराव्याला तू मला विचारलंस, "बाबा, आई निघताना काय म्हणाली?" मी सांगितलं, "येते म्हणाली." ती तसं म्हणाली नव्हती.

त्या दिवशी आमच्या अबोल्याचा चौथा दिवस होता. कारण ऐकलंस तर तुला हसू येईल, किंवा नाही येणार. शुक्रवारी सरूबाई भांडीवाली आली होती. आईने माझे खाकी युनिफॉर्मचे दोन्ही जोड तिला देऊन एक स्टीलचा डबा घेतला. सहा वर्षं पेटीत पडलेत, कसर लागते, म्हणाली. मी आंघोळ करून आलो तोवर सरूबाई गेली होती. मी काही बोललो नाही. शनिवारपासून तर काहीच बोललो नाही. तिने दोनदा चहा पुढे ठेवला, तो प्यायलो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चुकलं माझं, आता बोला ना." मी पेपर वाचत राहिलो.

मंगळवारी तिला उत्तनकडे डोंगरीला तिच्या मैत्रिणीकडे, व्हेराकडे जायचं होतं. व्हेराच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याच नव्या डब्यात तिने वड्या भरल्या. चपला घालताना दारातून विचारलं, "अहो, डोंगरीची बस आता किती वाजता आहे?"

मला माहीत होतं. महापालिकेच्या बस माझ्या खात्याच्या नव्हत्या, पण सवय जात नाही, स्टॉपवरच्या सगळ्या वेळा मला पाठ. नऊ पन्नासनंतर त्या दिवसांत थेट दहा पंचेचाळीस होती. तेव्हा नऊ पंचावन्न झाले होते. "दहा पंचेचाळीस" एवढंच म्हटलं असतं तर ती परत आत आली असती, अर्धा तास बसली असती. एकोणीस वर्षं मी अनोळखी माणसांना हेच सांगायचा पगार घेतला. दारुड्यांना सांगितलं. शिव्या देणाऱ्यांना सांगितलं. बायकोला नाही सांगितलं.

तिने दुसरी चप्पल घातली. मग म्हणाली, "बरं." आणि दार ओढून घेतलं. शेवटचा शब्द तो होता, दिव्या. बरं.

ती स्टॉपवर अर्धा तास उभी होती. मग कंटाळून समोरून रिक्षा घ्यायला रस्ता ओलांडला. साडेदहा वाजले होते. पुढचं तुला माहीत आहे.

तिच्या फोनवर मी नंतर बघितलं. दहा वाजून बारा मिनिटांनी तिने तुला फोन केला होता, चार मिनिटं. ती तुला काय म्हणाली ते तू मला कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. पण मला वाटतं तुला सगळं ठाऊक आहे. बाबांचं मौन चालू आहे, बसची वेळ विचारली तर सांगत नाहीत, असं ती हसून म्हणाली असेल. ती हसूनच सांगायची. म्हणजे तेराव्याला तू मला विचारलंस ते उत्तर माहीत असताना विचारलंस. आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो. त्या कोर्टातल्या मारामारीवरून तू बोलायची थांबलीस, असं मी सगळ्यांना सांगतो. ते कारण नसावं.

आता तुझ्यावरही मला राग आहे. माहीत होतं तर ओरडायचं होतंस. तेराव्याच्या पंगतीत सगळ्यांसमोर ओरडली असतीस तरी चाललं असतं. तू गप्प राहिलीस. ते तू माझ्याकडून शिकलीस, आईकडून नाही, म्हणून राग जास्त येतो. सियाला हे शिकवू नकोस.

एक मात्र स्पष्ट लिहितो. गाडी उलट्या बाजूने त्याने आणली. ते पाप मी माझ्या अंगावर घेणार नाही, आणि कोणी मला तसं समजवायला आलं तर ऐकून घेणार नाही. कोर्टात मी प्रत्येक तारखेला जाणार आहे. त्याला माफ केलेलं नाही. पण त्या दिवशी मी जो डबा मारला तो सगळा त्याच्यासाठीच होता का, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही.

साईराजला द्यायचं पत्र मघाशी लिहून टाकलं. तीन ओळी आहेत. "मी तुला डब्याने मारलं. मारायला नको होतं. माझ्या पत्नीचं नाव शालू होतं." क्षितिजा मॅडम घेतील तर घेतील. नाही घेतलं तर अपूर्ण लागू दे. त्या अबोल्याच्या चौकोनात मात्र आज निघताना खूण करून आलो. जिन्यात लवू म्हणाला, "काका, आता गुरुवारी भांडायला कोण?" मी म्हटलं, फोन कर. त्याला नंबर दिला.

तू फोन केलास तर मी उचलेन. ओरडायला केलास तरी उचलेन, आणि मध्ये ठेवणार नाही. यायचं असेल तर कोणत्या गाडीने, किती वाजता, ते मला विचार. मी सांगेन.

विचारलेल्याचं उत्तर न दिलेला,
तुझा बाबा

ता. क. डबा मागच्या आठवड्यात कोर्टातून परत मिळाला. एका बाजूला पोचा आलाय, पण झाकण बसतं. दोन्ही चिठ्ठ्या चिकटून बसल्यात. खोबरेल लावून ठेवलं होतं, वरची आत्ता निघाली. खालची नखाने काढतोय. मग घासून ओट्यावर पालथा घालतो. उद्या सकाळी वड्या मिळतात का बघेन, नाहीतर साखर भरेन, व्हेराकडे रिकामा नेता येणार नाही. आता वेळ बदलली आहे, दहा पन्नास.