गाडी इथे का थांबते?

१४ मे २००२

आजपण थांबली! सकाळी सात चाळीस ते सात बावन्न. बारा मिनिटे. तिकिटाची खिडकी नाही, फलाटाच्या नावाने नुसती खडी, वेळापत्रकात आमच्या गावाचे नावसुद्धा नाही — आणि मडगावची पॅसेंजर रोज इथे उभी! का?

वर्षाला त्याचे काहीच नाही. पेडणे–मडगाव पास काढला आहे, चढते मात्र इथूनच. मडगावच्या लॅबमध्ये लागून तिला महिना होत आला. परतीची गाडीही इथेच थांबते, त्यामुळे सातला घरी. वर्षाची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच. पोर रात्री समोर जेवायला असते, मला आणखी काय हवे!

१५ मे

धाकूला विचारले. गाडी त्याच्या पोफळींसमोरच उभी राहते ना! म्हणाला, "राखणदार थांबयता, मास्तरानू! डोंगर फोडलो तेव्हा तेका रोट दिल्लो काय नाय?" मी हसलो. तोही हसला. पण रुळासाठी डोंगर फोडला तेव्हा राखणदाराला, म्हणजे गावच्या रक्षक देवाला, रोटाचा नैवेद्य आणि कोंबडा त्याने खरेच दिला होता.

२० मे

शाळेला सुट्टी पडली की बाबांना उद्योग नसतो, असे वर्षा म्हणते. खरे आहे. पाच दिवस घड्याळ घेऊन रुळापाशी उभा होतो. पण शोध लागला! आमची गाडी उभी असते तेव्हा समोरून एक्सप्रेस धाडधाड निघून जाते. ती गेली की मगच ही हलते. मी ओरडलो, "गावला गे, वर्षा!" खिडकीत बसली होती, तिने तोंड फिरवले. चारचौघांत लाज वाटली असेल.

२९ मे

शेवटी पेडण्याच्या स्टेशनमास्तरांनाच गाठले. बेळगावचे आहेत. चहा दिला. "अहो मास्तर, हा थांबा नव्हेच की ओ! रूळ एकच. समोरून दुसरी आली की एकीला बाजूला घ्यायचं. त्याला क्रॉसिंग म्हणतात. तुमची माणसं चढतात-उतरतात, आम्ही बघून न बघितल्यासारखं करतो."

इतके सोपे! फार आनंद झाला.

मग म्हणाले, "दहा जूनपासून पावसाळी वेळापत्रक. गाड्या हळू जाणार. क्रॉसिंग दुसरीकडे पडतंय."

म्हणजे दहा तारखेपासून गाडी इथून न थांबता जाणार. दोन्ही वेळची! चहा अर्धा टाकून आलो.

३० मे

वर्षाला सांगितले. भाजी चिरत होती. "बरं," एवढेच म्हणाली.

पेडण्याला जाऊन गाडी धरायची तर पाचला निघायला हवे, परत यायला नऊ. पावसात! मडगावात खोली घेऊन राहील? नको. मग नोकरी सोड म्हणू? कुठल्या तोंडाने?

४ जून

शाळा सुरू. वर्गात लक्ष नाही.

७ जून

देवीला कौल लावायचा. पोरीने मडगावात राहायला जावे का? मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मला डावी हवी आहे. लिहूनच टाकतो, देवीपासून काय लपणार!

८ जून

गोपाळ गुरवाने माझे गाऱ्हाणे ऐकले आणि हातातली फुले खाली ठेवली. एकच प्रश्न देवीला दोनदा घालत नाहीत.

"ह्यो कौल जावन गेलो, मास्तरानू. तुमच्या चेडवान पाडव्याक घेतल्यान. मडगावाक रवाक जाऊ काय, म्हणान. देवीन उजवो दिल्यान."

वर्षाने, पाडव्याला! नोकरीवर जायच्या आधीच. देवीचा होकार मिळूनही गेली नाही. दोन महिने रोज खडीवरून चढली-उतरली, आणि रात्री माझ्यासमोर जेवायला बसली.

घरी येऊन माळ्यावरची ट्रंक काढली. "बाबा, ही कित्याक?" म्हणाली. मी ती पुसली आणि तिचे कपडे आत ठेवायला घेतले.