केटीसाठी मीटलोफ

अबुधाबी, मंगळ. ३ मार्च १९९८
या घरात खोटं बोलतं एक आणि राबतं दुसरं. मृणूनं, माझ्या नातीनं, शाळेत सांगितलं की मीटलोफ का काय ते, माझी आजी केटीच्या आईपेक्षा भारी करते. केटी म्हणजे नव्या शाळेतली तिची एकुलती एक मैत्रीण. ती आता शुक्रवारी जेवायलाच येणार. मी तो पदार्थ डोळ्यांनी बघितलेला नाही. असं का सांगितलंस म्हटलं, तर म्हणे, "शी वॉज शोइंग ऑफ, आजी." आणि तू गं काय करत होतीस?
रडून झालं. खोटं कळलं तर केटी परत बोलायची नाही म्हणते.

बुध. ४
सूनबाईनं ऑफिसात विचारून आणलं. खिमा, अंडं, कांदा, दुधात भिजवलेला पाव. पावासारखा थापून ओव्हनमध्ये भाजायचा, वर केचप. मसाला नाही. पथ्याचं जेवण बरं याहून.
ओव्हन आजवर पेटवलेलाच नव्हता. आतून कढया, तवे, पुरणयंत्र आणि सूनबाईची दोन वर्षं हरवलेली किसणी निघाली.
मटणाचा खिमा घेतला. भाजला छान. काढला, सुरी लावली, ढासळला. मुलगा पोळीशी खाऊन म्हणतो, खिमा झकास झालाय. मृणू जेवली नाही.

गुरु. ५
आज मटणाला हात नाही. मृणू, प्लीज आजी, वन ट्राय. म्हटलं, माझा गुरुवार केटीसाठी हलायचा नाही.
उपास सोडायला कोथिंबीर वडी केली. उंडा उकडला, गार केला, कापला. एक वडी मोडली नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला. जन्मात कधी उंडा गरम कापला नाही, आणि काल काढल्या काढल्या सुरी घातली! उपासाच्या दिवशी अक्कल येते ती अशी.

शुक्र. ६
पाव गेला खड्ड्यात. खिम्यात भाजलेलं बेसन, आलं-लसूण, मिरची बेतानं. घट्ट उंडा मोदकपात्रात उकडला, केचप फासून ओव्हनमध्ये घातला, मग गार. मृणू सारखी सुरी घेऊन पुढं. हातावर फटका दिला.
केटी आली. केस मक्याच्या कणसासारखे. चकत्या पडल्या, अगदी सरळ. तिनं एक खाल्ली नि म्हणाली, "नॉट लाइक मॉम्स." मृणू पांढरी पडली. मग केटीनंच ताट पुढं केलं. पुन्हा एकदा केलं. केचप बोटानं पुसून खाल्लं. दोघी माझ्या पलंगावर उड्या मारत होत्या, मी ओरडलेसुद्धा नाही. उरलेली कड उभ्यानंच खाल्ली. मलाच आवडली, आता काय.

शनि. ७
शाळेतून निरोप. केटीची आई संध्याकाळी फोन करणार, कृती विचारायला. मृणूनं म्हणे हेही ठोकून दिलंय की आमच्यात पणजीपासून करतात. सूनबाई म्हणते, सांगा तसंच, काय बिघडतं. मृणू म्हणते, आजी, यू टॉक.
मी टॉक करणार नाही. फोन वाजला की सूनबाईनं उचलायचा नाही, मुलानं उचलायचा नाही. मृणूनंच उचलायचा आणि काय सांगायचं ते तिनंच सांगायचं. मी शेजारी बसणार.