सुझानच्या लग्नातला माझा टोस्ट

१० एप्रिल १९७९
ठरलं. सुझानच्या लग्नात टोस्ट, म्हणजे ग्लास उंचावून करायचं शुभेच्छांचं भाषण, मीच रेज करणार. फर्डिनंडदादा गेला, आता मुलीकडून बोलायला सख्खा काका मी एकटाच. एमिलीवहिनी म्हणत होती, "भावजी, कॉन्रॅडमास्तरांना विचारू का?" कॉन्रॅड आमचा चुलतभाऊ. बोलतो बरा, पण मराठीत. लग्न भुईगावात असलं म्हणून काय झालं? टोस्ट इंग्लिशमध्येच शोभतो.
संकल्प: रोज सकाळी आरशासमोर सराव.

१७ एप्रिल
सराव सुरू नाही. आरसा बायकोच्या ताब्यात.
पण डिक्शनरीत रत्न सापडलं! फॉन्स एट ओरिगो. लॅटिन. म्हणजे उगम, मूळ कारण. इंग्लिशमध्ये मोठमोठे लोक वापरतात. मुद्दाम कॉन्रॅडला ऐकवलं. म्हणाला, "रुडॉल्फ, इंग्लिशमध्ये ते बहुतेक भानगडीचं मूळ सांगायला वापरतात रे." जळतो.
लॅटिन मला नवं नाही. लहानपणी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत फादरांना घडाघडा उत्तरं द्यायचो. अर्थ कोणी विचारत नसे.

२४ एप्रिल
ऑफिसच्या नोटमध्ये ट्रायल घेतली. लिहिलं, या विलंबाचा फॉन्स एट ओरिगो शोधला पाहिजे. साहेबांचा शेरा: "सदर इसमाचा खुलासा मागवा."
साहेब सायन्स साइडचे.

२ मे
भाषण तयार. कळसाचं वाक्य: विदाउट द फॉन्स एट ओरिगो, देअर वुड बी नो ब्राइड! म्हणजे दादा आणि वहिनी. बायकोला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "मग दादा-वहिनी म्हणा ना." तिला स्टाइल कळत नाही.

५ मे
उद्या लग्न. संकल्प: टोस्ट होईपर्यंत वाइनला हात नाही.

७ मे, दुपार
वाइन घेतली. घशासाठी.
भाषण पाठ होतं. माइकनेच शिट्टी मारली आणि मधला भाग उडाला. मग कळसाचं वाक्यच जोरात म्हटलं. टाळ्या नाहीत. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मांडवात चमचासुद्धा वाजेना.
नवरा मायकल होळी गावचा. त्याची फ्लॉसीआत्या पहिल्या रांगेत बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, पण अख्ख्या मांडवाने ऐकलं, "हा फोन्सेका कोण? आणि तो नसता तर नवरी झाली नसती म्हणजे काय गं?"
वहिनीच्या हातातला ग्लास तसाच राहिला. मायकलच्या आईने खुर्ची मागे सरकवली. मी माइकवरून खुलासा केला, फोन्सेका नव्हे, फॉन्स! कोणीतरी मागून ओरडलं, "म्हणजे तोच ना, निर्मळचा?"
निर्मळला कोणी फोन्सेका राहतो, हे मला काल कळलं.
शेवटी कॉन्रॅड उठला. मराठीत दोन मिनिटं बोलला. लॅटिनचा अर्थ सांगितला, मग लोक हसले, फ्लॉसीबाई सगळ्यात जास्त. बँड सुरू झाला.
मूळ कारण: माइक.

८ मे
वहिनीकडे जाऊन समजावणार होतो. ऊन फार.

९ मे
ऊन.

१३ मे
सुझान आणि मायकल माहेरी जेवायला आले. आम्हालाही बोलावणं. मी सुझानला बाजूला घेऊन म्हटलं, फॉन्स म्हणजे तुझे पप्पाच होते गं. ती म्हणाली, "माहीत आहे, काका. पण त्यांचं नाव एकदाही नाही घेतलंत. मी वाट बघत होते."
डिक्शनरीत यावर काही नाही.
मग तिनेच माझ्यासमोर खुर्ची ओढली. म्हणाली, "आता सांगा. मायकलने त्यांना बघितलं नाही."
सांगितलं. आपल्या घरच्या बोलीत. दादा केळीच्या वाडीत विड्या लपवायचा ते, सुझान जन्मली तेव्हा आनंदाच्या भरात चर्चची घंटा वाजवली आणि गावाला वाटलं आग लागली, ते. मायकल हसून हसून खोकला. वहिनी हसता हसता आत निघून गेली, पदर डोळ्यांना लावून. मला थांबताच येईना. कोणी अर्थ विचारला नाही.
चांगलं बोललो. फारच चांगलं.
नेमका आज कॉन्रॅड नव्हता.