चांद्याचा वाटा

२४ ऑगस्ट १९९९, देवळा
आलो एकदाचा. गुरांचा डॉक्टर म्हणून पहिलीच नेमणूक, आणि दवाखान्याच्या मागच्याच खोलीत राहायची सोय. नळाला पाणी आहे, कंपाउंडर रंगनाथ चहा झकास करतो. गावभर कांद्याच्या चाळींचा वास, पण सवय होईल म्हणे. आज रंगनाथला शिकवलं, निपचित पडलेल्या जनावरात काय बघायचं ते. कुशी हलतेय का, म्हणजे श्वास. हिरडी अंगठ्यानं दाबून सोडायची, लाली परत आली तर रक्त फिरतंय. मग शुद्ध. डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावायचं, पापणी मिटली की जनावर अजून आत आहे. पहिल्या दोन गोष्टी नसल्या तर तिसरी बघायची गरज नाही, हेही ऐटीत सांगून टाकलं. त्यानं मान डोलावली.

२ सप्टेंबर
गोजराबाई नावाची एक विधवा आहे. तिच्या चांद्या बैलानं चाळीबाहेर टाकलेला सडका कांदा पोटभर खाल्ला. पोळा तोंडावर आणि बैल आडवा. मी गेलो तेव्हा कुशी हलत नव्हती. हिरडी पांढरीफटक, दाबून सोडली तरी पांढरीच. बाहेर नाशिकची जीप हॉर्नवर हॉर्न देत होती, मला मुलगी बघायला जायचं होतं. बैल गेला म्हणून सांगितलं नि निघालो. इकडे घरच्या बैलाला बांधावर पुरतात, अंगावर मीठ घालून. मुलगी छान आहे, हसते गोड.

४ सप्टेंबर
गोजराबाई आली. रडली नाही. म्हणाली, डोळ्यात मीठ गेलं तशी चांद्यानं पापणी मिटली. ती ओरडली, पण माणसं म्हणाली, डॉक्टरनं सांगितलंय ना, आणि माती लोटली. माझं डोकंच फिरलं. मेल्यावरही अंग हलतं, असं तिला झाडलं. कांद्यानं रक्तच आटलं असेल तर हिरडी पांढरीच राहणार, हे मनात आलं, पण तिच्यासमोर कोण कबूल करतो? जाताना ती अरेतुरेवर आली. त्यानं सोसलं ते तुला सोसाया लावल्याबिगर मी मरायची नाय, म्हणाली.

७ सप्टेंबर
काहीतरी बिघडलंय. बायडाबाईची म्हैस उभ्यानं रवंथ करत होती, आणि माझ्या हाताखाली तिची हिरडी पांढरी, कुशी थांबलेली. रंगनाथनं बघितलं तर सगळं ठीक. नंतर एका शेळीचंही तेच. बोटांना सडक्या कांद्याचा वास येतोय, साबणानं जात नाही. गोजराबाई समोरच्या लिंबाखाली बसून असते. नुसती बघते. भीती वाटते मला तिची, खोटं कशाला लिहू.

९ सप्टेंबर, पोळा
बैलांची मिरवणूक वाजतगाजत आली आणि दवाखान्यासमोर सगळे बैल थांबले. ओढले तरी हलेनात. गोजराबाई पुरणपोळी घेऊन पुढं आली. चांद्याचा वाटा हाय, तू खा, म्हणाली. सगळं गाव बघत होतं, नाही कसं म्हणणार? खाल्ली. पुरण कसलं, नुसतं मीठ. तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवला, बैलाच्या फिरवतात तसा. मग बैल चालायला लागले.

१० सप्टेंबर
आरशात बघितलं, हिरडी पांढरी. दाबली— पांढरीच. नाडी सापडत नाही. छातीवर ओझं, ओलं, मातीचं. दाराशी गेलो, रंगनाथला हाक मारली, आवाजच—

११
पाय गेले. श्वास घेतोय की नाही, मलाच कळेना. ऐकू मात्र सगळं येतंय. बाहेर रंगनाथ म्हणतोय, साहेब उठले नाहीत. ती म्हणतेय, जा, बघून ये, तुला शिकवलंय ना त्यानं.

उजवा हात अजून चालतोय. वही छातीवर ठेवतो, त्याला दिसेल—

कडी वाजली.

रंगनाथ, कुशी बघू नकोस. हिरडी नको. डोळ्याला बोट लाव. पापणी मिटेन. मी आत आहे, रंगनाथ, डोळ्या—