दिवेलागणीचा वर्ग

खंडाळा,
१२ सप्टेंबर २०२४

चि. ज्योत्स्ना हीस हिरामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

तू पाठवलेल्या चकल्या मिळाल्या. चकल्या म्हणते ते तुझं मन राखायला, डब्यात निघाला तो चुराच होता. पण चव तुझ्या आईच्या हातची होती, म्हणून एकटीने संपवला. मोबाईलवर दोन ओळी खरडण्यापेक्षा कागदावर लिहावं, हा काकांचा हट्ट तू अजून पाळतेस याचं फार बरं वाटतं. फोनवर बोलायचं तर मला ऐकू कुठे येतं!

टँकरचं तुला चंपाने कळवलं वाटतं. शेजारच्या हॉटेलात चादरी धुते, पण लक्ष सगळं माझ्याकडे. टँकर मागून आला, हॉर्न वाजवत होता म्हणे. चंपाने पदराला धरून ओढलं म्हणून हे पत्र लिहिते आहे. तू लगेच डॉक्टरांचे कागद पाठवलेस. ऑपरेशन करून कानामागे यंत्र बसवायचं, मग मला पुन्हा ऐकू येईल, सगळं वाचलं. पण मला ते नको.

का नको ते सांगते, हसू नकोस. तुझे काका गेले त्याला आठ-नऊ महिने झाले, पण ते अजून गेलेले नाहीत. रोज दिवेलागणीला अंगणात त्यांचा वर्ग भरतो. आठवतं ना? पाद्री व्हायला आलेली ती मुलं मे महिन्यात लॅटिन शिकायला आपल्याकडे यायची, आणि काका त्यांना बसू द्यायचे नाहीत. जाण्यायेण्याचे शब्द बसून शिकता येत नाहीत म्हणायचे. पायरीवर इंचीपिओ, मी आरंभ करतो. दाराबाहेर पाऊल टाकलं की एक्सेओ, बाहेर पडतो. फणसाखालून एओ, चालतो. फाटकाशी आबेओ, निघून जातो. मग तिथे वळायचं आणि रेदेओ, परत येतो. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वीस वर्षं ऐकलं, मग कान गेले तेव्हा नुसतं पाहिलं.

आता संध्याकाळ झाली की ते पुढे आणि मी मागे. दिसत नाहीत, पण शब्द माझ्या छातीत उमटतात. घाटात मालगाडीला मागून इंजिन लागलं की फरशी थरथरते, तसे. रेदेओ तर सगळ्यात स्पष्ट. ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी फाटकापर्यंतच पोचले होते, तिथे बसले ते उठलेच नाहीत. म्हणून वाटतं, राहिलेली फेरी पुरी करायला येतात. यंत्र बसलं आणि जगभरचा गोंगाट कानात शिरला, तर त्यांना कुठे जागा उरेल?

जावईबापूंना आशीर्वाद. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
हिरामावशी

*

पुणे,
२१ सप्टेंबर २०२४

ती. मावशीस ज्योत्स्नाचा सविनय जयभीम, वि. वि.

चकल्यांचा अपमान प्रज्ञेशला वाचून दाखवला. तो तुझ्याच बाजूचा निघाला, तेव्हा यापुढे डबा त्याने करावा असं ठरलं आहे.

मी हसले नाही, मावशी. दोनदा वाचलं आणि मग गॅलरीत जाऊन उभी राहिले. मीही त्याच पायरीवरून लॅटिन शिकले. कॉलेजात मुलांना झाडांची लॅटिन नावं शिकवताना अजून माझे पाय आपोआप हलतात, मुलं नकला करतात. काका आधी पाली शिकले होते. पालीतलं एति आणि लॅटिनमधलं एओ एकाच घरातले भाऊ आहेत, एक इकडे आला आणि एक तिकडे गेला, असं ते सांगायचे. पाद्री घडवणाऱ्या त्या सेमिनरीच्या ग्रंथालयात पुस्तकं लावता लावता त्यांनी ती भाषा कमावली, याचा मला किती अभिमान वाटायचा ते त्यांना कधी सांगायचं राहिलं.

तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कान बंद झाले की मेंदू आपले आपण आवाज तयार करतो. यंत्र लावलं की बहुतेकांचे ते आवाज विरतात. म्हणजे तुझी भीती खोटी नाही. पण उशीर केला तर यंत्राचा उपयोगही कमी होत जाईल, हेही त्यांनी सांगितलं.

आता मी स्वार्थी होऊन लिहिते. आई गेल्यावर तू मला पदराखाली घेतलंस. रोज तू ज्या रस्त्याने दूध आणायला जातेस त्या रस्त्यावर टँकर आहेत, मुंबईच्या भरधाव गाड्या आहेत, आणि चंपामावशी दर वेळी पदर धरायला नसेल. काका गेले ते गेले. तुला घालवायची माझी तयारी नाही. माझ्यासाठी तरी हो म्हण.

लोभ मागायची गरज नाही, तो हक्काने घेते.

तुझीच,
ज्योत्स्ना

*

खंडाळा,
५ ऑक्टोबर २०२४

चि. ज्योत्स्ना हीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांग आणि त्यांचा मेंदू त्यांच्याजवळच ठेवायला सांग. माझ्याकडे आता पुरावा आहे.

परवा चंपा कपडे वाळत घालून माझ्याकडे चहाला आली. तिच्यासाठी मी पाटी ठेवली आहे, जे सांगायचं ते ती खडूने लिहिते. बराच वेळ नुसती खडू हातात फिरवत बसली. मग लिहिलं की हॉटेलातले पाहुणे लय घाबरल्यात, संध्याकाळी शेजारच्या बंगल्यातनं आवाज येतोय म्हणत्यात, कुटली भाषा हाय ते न्हाई कळत. आपल्या दोन खोल्यांना बंगला म्हणतात बघ! मुंबईचं एक जोडपं तर खोली बदलून मागच्या बाजूला गेलं. वॉचमनने त्यांना सांगितलं की तिथे एक बहिरी म्हातारी राहते, तर त्यांची बोबडीच वळली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी चंपाला मिठीच मारली. ती रडायला लागली, का कोण जाणे. तिला म्हटलं, अगं, घाबरायचं काय त्यात, ते आमचे हेच आहेत, कुणाला त्रास देणारे नाहीत. तिने पाटी पुसली आणि चहा तसाच ठेवून गेली.

आता बोल. मुंबईच्या पाहुण्यांचे कान तर बंद नाहीत ना? त्यांना ऐकू येतं म्हणजे ते खरंच येतात. मी आता दार उघडंच ठेवते. पाऊस आत येतो, थोडा खोकला झाला आहे, पण त्यांना आत यायला अडचण नको. ऑपरेशनचा विषय मिटला असं समज.

दोघांनी दिवाळीला या. माया आहेच, तिला तारण लागत नाही.

तुझी,
मावशी

*

पुणे,
१७ ऑक्टोबर २०२४

ती. मावशीस सविनय जयभीम.

उत्तराला उशीर झाला. दोन पत्रं लिहून फाडली, हे तिसरं.

खोकल्याचं औषध सोबत पाठवते आहे. रात्री तरी दार लावून घे, काकांना बंद दाराची कधी अडचण वाटली नाही.

यापुढे मी तुझ्याशी डॉक्टरांच्या तोंडून वाद घालणार नाही. पाहुण्यांना आवाज ऐकू येतो हे खरं आहे. चंपामावशी खोटं सांगणारी बाई नाही. मला इतकंच वाटतं की जे वाटेवरच्या परक्या माणसांना ऐकू येतं, ते घरच्या माणसाने छातीवर हात ठेवून का म्हणून अदमासाने ओळखावं? तूही कानांनी ऐक. ऐकल्यावर तुला जे करायचं ते कर, यंत्र काढून फडताळात ठेवलंस तरी मी एक शब्द बोलणार नाही.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. मावशी, तू माझ्यावर विश्वास ठेवतेस ना?

तुझी,
ज्योत्स्ना

*

खंडाळा,
६ नोव्हेंबर २०२४

चि. ज्योत्स्ना हीस अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं गेल्यावर घर मोठं झालं. प्रज्ञेशच्या चकल्या तुझ्यापेक्षा बऱ्या आहेत, हे त्याच्यासमोर बोलले नाही.

तुझं ते पत्र उशीखाली ठेवलं होतं. इतकी सरळ गोष्ट मला सुचली कशी नाही? मी घाबरत होते की कान उघडले तर ते हरवतील. अगं, पण ते माझ्या डोक्यात असते तर हरवले असते. ते तर अंगणात आहेत, दुनियेला ऐकू येतात. मग त्यांचा आवाज, तो खालच्या पट्टीतला, थोडा खोकल्यासारखा, मी एकटीनेच का गमवावा? लग्न ठरल्यासारखं वाटतं आहे मला, या वयात.

तारीख घे. मी येते. जाताना त्यांना सांगून येईन की थोडे दिवस वर्ग बंद राहील.

मायेत आहेसच, तिथेच राहा.

तुझी,
हिरामावशी

*

खंडाळा,
९ जानेवारी २०२५

चि. ज्योत्स्ना हीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

रविवारी तू मला घरी पोचवून गेलीस आणि मी चार दिवस पत्र लिहिलं नाही. तू काळजी केली असशील. कर थोडी, तुझ्या वाट्याची आहे.

आधी चांगलं सांगते. यंत्रातून तुझा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा येतो, पण येतो. कुकरची शिट्टी ऐकली. चंपा इतकी भसाड्या आवाजात बोलते हे मी विसरलेच होते. रस्ता आता ऐकू येतो, टँकर लांबून कळतो. तुझं काम झालं.

रविवारी संध्याकाळी मी नवं पातळ नेसले. केस विंचरले. दार उघडलं आणि पायरीवर उभी राहिले. इंचीपिओ ऐकू आलं. स्पष्ट, मोठ्याने, रस्त्यापलीकडे जाईल इतक्या मोठ्याने. बाईचा आवाज होता. मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. कुणी नव्हतं. मग बाहेर पाऊल टाकलं तर एक्सेओ, त्याच बाईचं. तेव्हा माझा हात आपोआप तोंडाकडे गेला आणि ओठ हलताना बोटांना लागले.

मीच होते, ज्योत्स्ना. जवळजवळ वर्षभर मीच. पाहुणे मला घाबरत होते. चंपा माझ्यासाठी रडली होती. मी तशीच फणसाखालून चालत राहिले, थांबायचं कसं तेही कळेना, आणि माझा आवाज माझ्यासोबत चालत राहिला. फाटकाशी आबेओ म्हटलं. आणि पुढे आवाज आला नाही. ओठ हलले नाहीत. तोंड मिटूनच मी वळले आणि घरात आले. खूप रडले. तुला शिव्या दिल्या, चंपाला दिल्या, काकांनाही दिल्या.

दुसऱ्या दिवशी चंपाला बोलावून घेतलं. आता पाटी नको होती. तिला म्हटलं, तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला खुळी ठरवलंत. ती म्हणाली की व्हय, ठाऊक हुतं, पर आमाला तुमचं सुख मोडवंना. मग मी विचारलं की फाटकाशी मी गप्प होते, मग रेदेओ कुणी म्हणायचं? मला तर छातीत तोच शब्द सगळ्यात जोरात लागायचा. तितं तर बाप्याचा आवाज यायचा, चंपा म्हणाली. खालच्या पट्टीतला, जरा खोकल्यावाणी. तिला आणि वॉचमनला वाटायचं मीच आवाज बदलून म्हणते. मी पुण्याला गेले तेव्हापासून तो आला नाही, आणि रविवारी तिने मुद्दाम कान दिला होता तेव्हाही आला नाही.

ती माझी समजूत घालत होती की खरं सांगत होती, मला ठरवता येत नाही. डॉक्टर हसतील. तू म्हणालीस तसं यंत्र काढून फडताळात ठेवावं असं मनात आलं, ठेवलंही. मग अंधारात बसलेल्या माणसासारखी बसून राहिले आणि वाटलं, ते कान नसलेल्या बाईसाठी इतके दिवस फाटकाशी येऊन उभे राहत होते, तो एक शब्द माझ्याच्याने होत नव्हता म्हणून. आता आणखी किती ताटकळवू त्यांना?

काल यंत्र लावलं आणि गेले. फाटकाशी बराच वेळ थांबले. मग तो शब्द मी म्हटला. आवाज मधेच फाटला, पण म्हटला पुरता. वळले, घरात आले आणि दार लावून घेतलं.

चंपाने आणखी एक सांगितलं. ऑक्टोबरात तू न कळवता आली होतीस. संध्याकाळी, मी अंगणात असताना, फाटकाबाहेर भिंतीला चिकटून उभी होतीस. सगळी फेरी ऐकलीस आणि मला न भेटताच स्टेशनाकडे गेलीस. त्यानंतरच तू मला ते लहानसं पत्र लिहिलंस.

माझा राग नाही. मात्र फाटकापासून हाताच्या अंतरावर तू होतीस. तिथे तुला काय ऐकू आलं, ते मला कधीही कळवू नकोस.

तुझ्यावर आहे तितकीच माया अजून आहे. तुझीही असू दे.

तुझी,
हिरामावशी