सावलीतला थर

२ जून
पोचलो एकदाचे! क्वार्टर दोनच खोल्यांचं, पण हवेशीर. आईने भिंती चाचपून घर पाहिलं आणि पसंत केलं. नजर गेल्यापासून ती सगळं हातानेच बघते. मलाही माझा अंगठा चोळून ओळखते, आणि ओळख पटली की हसते. त्या हसण्यासाठी तर ही नोकरी.

४ जून
कामाची ओळख झाली, माणसांची नाही. इथल्या फ्यूजनच्या, म्हणजे अणू जोडून ऊर्जा काढायच्या यंत्रात सूर्यालाही लाजवेल असा तापलेला वायू, प्लाझ्मा असतो, चुंबकांनी अधांतरी धरलेला. त्यातून निसटलेले कण तळाच्या टंगस्टन टाइल्सवर आदळतात; त्या तळाला डायव्हर्टर म्हणतात. कण एकीकडे खरवडतात आणि खरवडलेलं दुसरीकडे नेऊन बसवतात. यंत्र बंद असलं की टाइल काढायची आणि बसलेला थर मोजायचा, हे माझं काम. साहेबांनी बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही. सगळ्यांच्या हातात ग्लोव्हज. मला मात्र स्टोअरकीपर म्हणाला, नव्या माणसाने थर उघड्या अंगठ्याने बघायचा, इथली पद्धत आहे. मी मेली शहाणी, लगेच ग्लोव्हज काढले.

९ जून
मी अंगठा लावलेल्या टाइलवर थर वाढतोय, तोही सावलीच्या कोपऱ्यात, जिथे कण पोचूच शकत नाहीत. साहेबांना दाखवलं. मोजण्यात चूक झाली असेल म्हणाले आणि मागे सरकले. माझ्या हाताकडे बघत होते.

१३ जून
मायक्रोस्कोपखाली थरात रेषा दिसल्या. बारीक, गोल गोल, अंगठ्यावर असतात तशा. आणि आज दाराचं यंत्र माझा अंगठा घेईना. पहारेकऱ्याने स्वतःचा लावून आत सोडलं. अंगठा चिंचोक्यासारखा गुळगुळीत झालाय. हे काय होतंय म्हणून विचारलं, तर स्टोअरकीपर आधी ताकास तूर लागू देईना. मग तुसडेपणाने म्हणाला, कोणीतरी झिजतं तेव्हाच बाकीचे टिकतात. माझ्या जागी आधी होत्या त्या बाईंनीही हेच विचारलं होतं म्हणे.
हात दाखवून अवलक्षण! सगळ्यांना ठाऊक होतं. एकजात हरामखोर.

१५ जून
आईने हात हातात घेतला आणि झटकून टाकला. तुम्ही कोण, म्हणाली. माझी मुलगी कुठाय? मी बोलले, तर आवाजही परका वाटला तिला. तळवासुद्धा सपाट झालाय. खूप रडले.
उद्या ती टाइल फोडते. मग राजीनामा.

१६ जून, दुपार
टाइल कोरी आहे. थर नाहीच.

दार उघडत नाही. काचेवर थापा मारल्या, ओरडून माझं नाव सांगितलं. पहारेकरी बाहेरूनच म्हणाला, त्या मॅडम तर मघाशीच अंगठा लावून घरी गेल्या. मी कोण, हे त्याने विचारलंही नाही. साहेब खाली मान घालून निघून गेले.

आईला फोन लावला. खुशीत होती. मुलगी लवकर आली म्हणे, शेजारीच बसलीय, हात अगदी पूर्वीसारखा— मग विचारलं, आपण कोण बोलताय?
तिला कोणीतरी फोन ठेवायला सांगितलं. माझ्याच आवाजात.

परत लावतेय. वाजतोय. उचल ना आई, तिचा हात सोड, ती मी ना—